'बफी'चे दुसरे पर्व: जुना डीव्हीडी संच घ्यावा की रुंद पडद्याची नवी आवृत्ती पाहावी?

निशाचरी

नमस्कार. 'बफी द व्हँपायर स्लेयर' या, व्हँपायरांची शिकार करणाऱ्या शाळकरी मुलीवरील अमेरिकी मालिकेचे दुसरे पर्व संग्रही असावे अशी इच्छा आहे आणि त्याबाबत जाणकारांचे मत हवे आहे. मालिका मी पूर्वी दूरचित्रवाणीवर तुटक-तुटक पाहिलेली आहे. बफीचा व्हँपायर प्रियकर एंजल याचे काय होते, शिक्षिका जेनी कॅलेंडरचे काय होते आणि शेवटी तलवार कोणाच्या छातीत जाते हे सारे ठाऊक असल्यामुळे रहस्यभेदाची काळजी न करता मोकळेपणाने लिहावे.

पहिल्या पर्वाचे बारा भाग मी अलीकडेच सलग पाहिले. त्यात भय होते, पण ते बहुतांशी त्या-त्या भागापुरते होते. दुसरे पर्व अधिक काळोखे आहे असे सगळेच सांगतात आणि मलाही तसेच आठवते. अडचण अशी, की डीव्हीडीवरील काही भाग एका परिचितांकडे पाहिले तेव्हा मला चित्रच काळोखे वाटले. रात्रीच्या दृश्यांत पात्रांच्या चेहऱ्याची एक बाजू दिसेनाशी होते, सगळीकडे बारीक दाणे दिसतात आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. याउलट स्ट्रीमिंगवर जी आवृत्ती दिसते ती संपूर्ण पडदा व्यापते, उजळ आहे आणि प्रथमदर्शनी स्वच्छही वाटते.

माझे प्रश्न असे. डीव्हीडीवरचा काळोख हा छपाईतला दोष आहे की मूळ चित्रणच तसे आहे? उजळ आणि रुंद आवृत्ती उपलब्ध असताना जुन्या चकत्या घेण्यात काही अर्थ आहे का? शिवाय पर्वाचा पूर्वार्ध फारसा महत्त्वाचा नाही, थेट 'सरप्राइज' या भागापासून सुरुवात केली तरी चालते, असा सल्ला मला एकाहून अधिक जणांनी दिला आहे. तो योग्य आहे का?

---

चौकटीबाहेर

निशाचरी, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. आपण पाहिलेला काळोख मुख्यत्वे मूळचाच आहे. मालिकेची पहिली दोन पर्वे १६ मिमी फिल्मवर चित्रित झाली. तिसऱ्या पर्वापासून ३५ मिमी फिल्म वापरात आली. १६ मिमीची चौकट आकाराने बरीच लहान असते, त्यामुळे तेच चित्र पडद्यावर मोठे करताना फिल्मचे दाणेही मोठे होतात, आणि प्रकाश कमी असला की ते अधिक उठून दिसतात. ही मालिका तर रात्रीच घडते. स्मशान, गल्ली, तळघर, बंद पडलेला कारखाना अशा जागी, एका साप्ताहिक मालिकेच्या वेळापत्रकात आणि एका लहान वाहिनीच्या खर्चात हे सारे चित्रित होत होते. दाणे दिसणे हा त्या परिस्थितीचा स्वाभाविक परिणाम आहे.

मात्र सगळेच श्रेय किंवा सगळाच दोष परिस्थितीला देता येणार नाही. मायकल गर्शमन यांचे छायालेखन पाहिले तर काळोख कोठे ठेवायचा याचा विचार त्यात स्पष्ट दिसतो. 'इनोसन्स'च्या सुरुवातीला आत्मा गमावलेला एंजल गल्लीत वेदनेने कोसळलेला असतो, सिगारेट ओढणारी एक स्त्री मदतीसाठी जवळ येते, तो तिचे रक्त पितो आणि मग त्याच्या तोंडातून तिच्या सिगारेटचा धूर बाहेर पडतो. हे दृश्य काळ्या पार्श्वभूमीवरच्या त्या एका पांढऱ्या लोटावर उभे आहे. मागची भिंत उजळ केली, तर धूर दिसतो पण त्याची भीती वाटत नाही. 'पॅशन' या भागाचे तर दिग्दर्शनही गर्शमन यांचेच आहे, त्यामुळे तेथे प्रकाश आणि कथन या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

आता रुंद आवृत्तीकडे येतो. ही मालिका ४:३ या चौकोनी पडद्यासाठी रचली गेली होती. पुढे २०१४ साली तिची उच्च दर्जाची आवृत्ती तयार होऊन अमेरिकेत प्रक्षेपित होऊ लागली आणि आज स्ट्रीमिंगवर बहुधा तीच दिसते. मूळ फिल्म नव्याने स्कॅन करण्याची कल्पना उत्तम होती. १६ मिमी फिल्मवरही डीव्हीडीत मावत नाही इतका तपशील असतो, त्यामुळे 'जुन्या फिल्मला उच्च दर्जा देऊन उपयोग काय' हा आक्षेप मला मान्य नाही. आक्षेप आहे तो कामाच्या पद्धतीवर. चित्र १६:९ मध्ये बसवण्यासाठी काही ठिकाणी चौकटीचा वरचा-खालचा भाग कापला गेला, तर काही ठिकाणी फिल्मच्या कडेचा, मुळात कधीच दाखवायचा नसलेला भाग उघडा पडला. त्यातून चित्रीकरणाची उपकरणे आणि प्रसंगी माणसेही दिसू लागली. दाणे घालवण्यासाठी चित्र इतके घासले गेले, की अनेक ठिकाणी त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते.

व्हँपायरच्या मालिकेसाठी याहूनही गंभीर गोष्ट रंगसंस्काराची आहे. त्या काळी रात्रीची काही दृश्ये दिवसा चित्रित करून नंतर गडद आणि निळसर केली जात असत. नव्या आवृत्तीत हा संस्कार काही ठिकाणी राहूनच गेला. परिणामी ज्यांना सूर्यप्रकाशाचा स्पर्श झाला तर राख व्हायची, ती मंडळी चांगल्या उजेडात फिरताना दिसतात. आपल्याला जी आवृत्ती 'उजळ' वाटली, तिच्या उजळपणाचा एक भाग हा असा आहे.

यामुळे दुसऱ्या पर्वासाठी माझी शिफारस जुन्या डीव्हीडी संचाचीच राहील. उच्च दर्जाची ही आवृत्ती ब्लू-रेवर अधिकृतपणे आलेली नाही, त्यामुळे संग्रहासाठी दुसरा खरा पर्यायही नाही. युरोपातील संच २००१ साली आणि अमेरिकेतील संच २००२ साली आला. दोन्हींत बावीस भाग सहा चकत्यांवर आहेत आणि दोन्हींत चित्र ४:३ मध्येच आहे. पुढे युरोपात चौथ्या पर्वापासून रुंद चित्राचे संच निघाले, त्यामुळे 'युरोपातील संच रुंद असतो' असे कोणी सांगितल्यास ते दुसऱ्या पर्वाला लागू नाही हे ध्यानात ठेवावे. २००५ च्या अखेरीस सातही पर्वे एकत्र असलेला चाळीस चकत्यांचा अमेरिकी संच निघाला. केवळ दुसरे पर्व हवे असेल तर त्याची आवश्यकता नाही.

दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांविषयी एवढेच, की ते दिसणे हे सारे ठीक असल्याचे लक्षण आहे. ते घालवण्यासाठी दूरचित्रवाणी संचावर चित्र ताणले, तर सगळी पात्रे बुटकी आणि रुंद होतात. त्याऐवजी संचाच्या मांडणीत जाऊन चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे, हालचाल गुळगुळीत करणारी आणि दाणे कमी करणारी सोय बंद करावी, 'भडक' रंगांऐवजी चित्रपटासाठीची रंगमांडणी निवडावी आणि खोलीतला दिवा मंद करावा. चेहऱ्याची एक बाजू नाहीशी होण्याचे कारण पुष्कळदा चकतीत नसून पडद्याच्या चुकीच्या मांडणीत असते; काळ्या छटा एकमेकींत मिसळल्या की अंधारातला सगळा तपशील बुडतो. आपल्या परिचितांकडे तसेच घडले असण्याची शक्यता मला दाट वाटते.

---

अरण्यरुदन

चौकटीबाहेर यांनी चित्राविषयी जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मला निशाचरी यांच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे, कारण 'सरप्राइजपासून सुरुवात करा' हा सल्ला माझ्या मते या पर्वाचे सर्वाधिक नुकसान करणारा आहे.

हे पर्व १५ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाले आणि १९ मे १९९८ रोजी संपले. 'सरप्राइज' आणि 'इनोसन्स' हे जोडभाग जानेवारीत लागोपाठच्या दोन रात्री प्रक्षेपित झाले आणि त्याच वेळी वाहिनीने मालिकेचा वार सोमवारवरून मंगळवारवर नेला. त्यामुळे हे पर्व मधोमध दुभंगलेले आहे, आधी हलकेफुलके आणि नंतर काळोखे, अशी समजूत रूढ झाली असावी. प्रत्यक्षात काळोखाची तयारी पहिल्या भागापासूनच चालू असते. 'व्हेन शी वॉज बॅड'मध्ये सुट्टीहून परतलेली बफी मित्रांशी तुटकपणे, प्रसंगी क्रूरपणे वागते, कारण आधीच्या पर्वाच्या शेवटी ती मास्टर या व्हँपायर-म्होरक्याच्या हातून काही क्षण खरोखरच मेली होती आणि त्याविषयी ती कोणाशीही बोललेली नाही. भागाच्या अखेरीस ती मास्टरची हाडे घणाने फोडते आणि फोडता-फोडता रडू लागते. ज्या मालिकेत राक्षस मेला की भाग संपत असे, तिने राक्षस मेल्यानंतर उरणाऱ्या गोष्टीविषयी बोलायला येथे सुरुवात केली.

तिसऱ्या भागात स्पाइक आणि ड्रुसिला हे व्हँपायर येतात. स्पाइक अॅनॉइंटेड वन या बालरूपी खलनायकाला पिंजऱ्यात घालून उन्हात वर खेचतो आणि जुन्या पद्धतीच्या विधी-भविष्यवाण्यांचा कारभारच संपवून टाकतो. जेम्स मार्स्टर्स आणि ज्युलिएट लँडो यांनी उभे केलेले हे जोडपे दुष्ट आहे, पण एकमेकांवर त्यांचे मनापासून प्रेम आहे, आणि त्यामुळेच पुढे एंजेलस (म्हणजे आत्मा गमावलेला एंजल) त्या दोघांत येऊन बसतो तेव्हा व्हीलचेअरवरच्या स्पाइकचा जळफळाट आपल्याला समजतो. ही व्हीलचेअर 'व्हॉट्स माय लाइन'च्या उत्तरार्धातून आलेली असते. तो जोडभाग वगळला तर केंड्रा ही दुसरी स्लेयरही अनोळखी राहते आणि 'बिकमिंग'मधील तिचा मृत्यू ही केवळ एक घटना होऊन बसते.

'लाय टू मी' या भागाचा उल्लेख मुद्दाम करतो. एंजलने ड्रुसिलाचे कुटुंब मारून तिला आधी वेडी केले आणि जोगीण होण्याची शपथ तिने घेतली त्याच दिवशी तिला व्हँपायर केले, हे तो स्वतः बफीला सांगतो. आपण ते ऐकतो, पण डेव्हिड बोरियानाझचा खिन्न, समंजस चेहरा समोर असल्यामुळे त्यावर आपला पुरता विश्वास बसत नाही. 'इनोसन्स'नंतर तो बसतो. त्याच भागात मेंदूच्या कर्करोगाने मरणाऱ्या जुन्या मित्राशी बफीला लढावे लागते आणि अखेर ती आपले मार्गदर्शक जाइल्स यांना, जगणे पुढे सोपे होते का, असे विचारते. ते तिला तिच्याच सांगण्यावरून एक सुंदर खोटे सांगतात. हे सारे नोव्हेंबरमध्ये, म्हणजे तथाकथित हलक्या पूर्वार्धात घडते.

'द डार्क एज'ही असाच वगळला जाणारा भाग. कथानक म्हणून तो सामान्य आहे, हे मान्य. परंतु जाइल्स यांच्या तरुणपणाच्या पापामुळे जेनीच्या शरीराचा ताबा एक असुर घेतो आणि त्या दोघांत अंतर पडते, ते येथे. हे अंतर भरून येत असतानाच 'पॅशन' येतो. जाइल्स घरी परततात, दाराला गुलाब लावलेला असतो, ऑपेराचे स्वर ऐकू येत असतात, जिन्यावर पाकळ्या पसरलेल्या असतात, वर येण्याची चिठ्ठी असते. आणि ते हसतमुखाने जिना चढू लागतात. प्रेक्षकाला सत्य आधीच ठाऊक असते. त्या हसण्याची किंमत कळण्यासाठी आधीचे सगळे महिने पाहिलेले असावे लागतात. त्यानंतर एंजेलस खिडकीबाहेर उभा राहून बफी आणि तिची मैत्रीण विलो यांना दूरध्वनीवर ही बातमी कळताना पाहतो, आणि आपण त्याच्या जागी उभे असल्यामुळे आपल्यालाही आतले शब्द ऐकू येत नाहीत. प्रेक्षकाला मारेकऱ्याच्या शेजारी उभे करणे ही या पर्वातली सर्वांत निर्दय गोष्ट आहे, असे माझे मत आहे.

घरच्या संचावर सलग पाहण्याचा एक लाभही सांगतो. 'पॅशन'मध्ये जेनीने आत्मा परत आणण्याच्या विधीचा उलगडा फ्लॉपीवर साठवलेला असतो आणि ती फ्लॉपी टेबलाच्या कडेवरून फटीत पडते. ती पुन्हा सापडते ती 'बिकमिंग'च्या पूर्वार्धात. मूळ प्रक्षेपणात या दोन भागांमध्ये जवळपास अडीच महिने गेले होते. सलग पाहताना मात्र मधल्या प्रत्येक भागात ती फटीत पडून आहे याची जाणीव राहते.

वगळायचेच असेल तर 'बॅड एग्ज' आणि 'गो फिश' वगळावेत. त्यातही 'गो फिश' उत्तरार्धात आहे, तेव्हा उत्तरार्ध निर्दोष आणि पूर्वार्ध दुय्यम ही विभागणी तेथेही टिकत नाही.

---

साशंक

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, पण काही बाबतींत असहमती नोंदवतो.

पहिली गोष्ट, दाणे आणि अंधुकपणा यांना सरसकट 'दिग्दर्शकाचा हेतू' म्हणण्याची प्रवृत्ती मला पटत नाही. गर्शमन यांनी ३५ मिमी हाती आल्यावर तिसऱ्या पर्वात अधिक स्वच्छ चित्र दिले. याचा अर्थ दुसऱ्या पर्वातील दाणे त्यांनी हौसेने निवडले नव्हते, ते त्यांच्या वाट्याला आले होते. शिवाय डीव्हीडीचे स्वतःचे दोषही आहेत. एका चकतीवर साधारण चार भाग बसवताना चित्र दाबावे लागते आणि अंधाऱ्या दृश्यांत दाण्यांच्या जोडीला चौकोनी ठिपके दिसू लागतात. ते फिल्मचे नाहीत, ते संकोचनाचे आहेत. नवी आवृत्ती बिघडलेली आहे यावर माझे दुमत नाही, पण जुनी आवृत्ती म्हणजे मूळ मूर्ती नव्हे.

दुसरी गोष्ट, अरण्यरुदन यांनी उत्तरार्धातील दुबळ्या भागांत 'गो फिश' धरला तसाच 'किल्ड बाय डेथ'ही धरायला हवा होता. आणि 'बिकमिंग'विषयी लिहिताना बफीचा मित्र झँडर याचा उल्लेख टाळणे मला आश्चर्याचे वाटले. विलो पुन्हा एकदा विधी करून पाहणार आहे हा निरोप त्याने बफीला द्यायचा असतो, आणि तो देत नाही. उलट एंजेलसला बदडून काढ असाच निरोप विलोचा म्हणून सांगतो. खरा निरोप दिला असता तर बफीने वेळ काढला असता की नाही, यावर या मालिकेचे चाहते आजही भांडतात. हा प्रश्न मालिकेने त्या पर्वात उघडाच ठेवला, हेच मला तिच्या काळोखाचे खरे गमक वाटते. सैतानाने केलेल्या अपराधापेक्षा मित्राने गिळलेले एक वाक्य अधिक अस्वस्थ करते.

---

अरण्यरुदन

साशंक, झँडरचा मुद्दा मान्य, आणि तो महत्त्वाचा आहे. फक्त एक लक्षात घ्यावे, की झँडरला जेनीचा मृत्यूही विसरता आलेला नाही, आणि एंजलविषयीचा त्याचा मत्सर पहिल्या पर्वापासूनचा आहे. या दोहोंपैकी त्याच्या तोंडून कोण बोलले हे आपल्याला कळत नाही आणि बहुधा त्यालाही कळत नसावे. 'किल्ड बाय डेथ'बाबत मात्र मी ठाम आहे. रुग्णालयात केवळ आजारी मुलांनाच दिसणारा तो राक्षस त्या पर्वातील सर्वांत भयावह मुखवट्यांपैकी एक आहे.

'आय ओन्ली हॅव आइज फॉर यू' हा भाग मात्र आपण दोघेही विसरलो. १९५५ मध्ये शिक्षिकेला गोळी घालून स्वतः मेलेल्या विद्यार्थ्याचे भूत शाळेत तीच घटना इतरांकडून पुनःपुन्हा करवून घेते. शेवटी विद्यार्थ्याची भूमिका बफीच्या आणि शिक्षिकेची एंजेलसच्या वाट्याला येते. गोळीने तो मरत नाही, म्हणून प्रथमच ते भूत आपले बोलणे पूर्ण करू शकते आणि क्षमा मिळवते. मार्टी नॉक्सन यांनी लिहिलेला हा भाग 'बिकमिंग'च्या आधी का यावा लागतो, हे तो पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

---

निशाचरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पूर्वार्ध वगळण्याचा विचार सोडला आहे आणि चित्राच्या मांडणीविषयी चौकटीबाहेर यांनी सांगितलेले बदल परिचितांच्या संचावर करून पाहण्याची विनंती त्यांना केली. 'इनोसन्स'मधील गल्लीचे दृश्य आता पुष्कळच सुस्पष्ट दिसते, मागची भिंतही ओळखू येते. साशंक यांनी सांगितलेले चौकोनी ठिपकेही दिसले, पण ते सहन होण्याजोगे आहेत.

आता आणखी दोन शंका. युरोपातील आणि अमेरिकेतील संचांत आवाजाचा काही फरक पडतो का? आणि भागांसोबतच्या निवेदनांत (भाग चालू असताना मालिकेतील मंडळी करतात त्या भाष्यांत) ऐकण्यासारखे काय आहे?

---

कर्णपिशाच्च

आवाजाचा प्रश्न आल्यामुळे लिहितो. फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चित्रित होते. युरोपातील पाल पद्धती २५ चौकटींची आहे, त्यामुळे फिल्मवरून थेट बनवलेल्या पाल चकतीत संपूर्ण भाग सुमारे ४ टक्के वेगाने धावतो. ४४ मिनिटांचा भाग ४२ मिनिटांच्या आसपास संपतो. त्यात काही कापलेले नसते, फक्त सगळे किंचित घाईने घडते आणि आवाजाची पट्टी दुरुस्त केलेली नसेल तर ती जवळपास एका अर्धस्वराने चढते. अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत हा वेग बदलत नाही, परंतु चित्रातील आडव्या ओळी पालच्या ५७६ ऐवजी ४८० असतात आणि कॅमेरा संथपणे सरकत असताना हालचाल किंचित अडखळते. म्हणून दोन्हींची प्रत मिळत असेल तर एकाच भागाची लांबी दोन्हींत ताडून पाहावी, म्हणजे आपल्या हाती काय आहे ते कळेल.

इतर मालिकांच्या बाबतीत मी हा फरक कदाचित दुर्लक्षित केला असता. या पर्वात मात्र संगीताला मोठे स्थान आहे. क्रिस्तोफ बेक यांनी दुसऱ्या पर्वापासून मालिकेला जे पार्श्वसंगीत दिले त्यामुळे तिचा आवाजच बदलला. पहिल्या पर्वातील ठोकळेबाज भयसंगीताच्या जागी बफी आणि एंजल यांच्यासाठी एक स्वतंत्र स्वरमाला आली, आणि ती सुखाच्या प्रसंगी जशी वाजते तशीच, जवळपास न बदलता, 'बिकमिंग'च्या शेवटी तलवारीच्या प्रसंगी वाजते. 'बिकमिंग'च्या पूर्वार्धासाठी बेक यांना एमी पुरस्कार मिळाला. ज्याचे कान पट्टीबाबत हळवे आहेत त्याने अमेरिकी संच घ्यावा. इतरांनी जो सुस्थितीत मिळेल तो घ्यावा. मी स्वतः पहिल्या गटात मोडतो, हे माझ्या नावावरून आपण ओळखलेच असेल.

निवेदनांविषयी सांगायचे तर अमेरिकी संचात ती चार भागांवर आहेत: 'रेप्टाइल बॉय'वर डेव्हिड ग्रीनवॉल्ट, 'व्हॉट्स माय लाइन'च्या दोन्ही भागांवर मार्टी नॉक्सन आणि 'इनोसन्स'वर मालिकेचे कर्ते जॉस व्हीडन. यांतले शेवटचे आवर्जून ऐकावे. बफी आणि बदललेला एंजल यांची पहिली भेट, ज्यात तो तिला काही घडलेच नसल्यासारखा तुच्छतेने बोलतो, ती आधी घराबाहेर चित्रित झाली होती; ती पुरेशी जवळची वाटेना म्हणून नंतर त्याच्या खोलीत पुन्हा चित्रित करण्यात आली. हे ऐकल्यावर दृश्य पुन्हा पाहिले, की बाकी सगळ्या पर्वात दिसणारा राक्षसी मुखवटा त्या प्रसंगी एकदाही का आणला नाही, हेही ध्यानात येते. राक्षसांच्या रचनेवरील आणि नेपथ्यावरील लघुपट ठीकठाक आहेत. एकदा पाहावेत.

---

साशंक

कर्णपिशाच्च यांच्या पट्टीविषयीच्या माहितीबद्दल आभार. 'पॅशन'मधील ऑपेरा मला एका प्रतीत चढलेला का वाटत असे, त्याचा उलगडा झाला.

निशाचरी यांना एक व्यवहारातली सूचना. हे संच आता जुने झाले आहेत आणि बहुतेक वापरलेलेच मिळतात. घेताना प्रदेश-क्रमांक पाहावा: अमेरिका आणि कॅनडाच्या चकत्या १ क्रमांकाच्या, युरोपातील २ क्रमांकाच्या, ऑस्ट्रेलियातील ४ क्रमांकाच्या असतात, आणि आपला प्लेअर सर्व प्रदेशांच्या चकत्या वाजवत नसेल तर उत्तम स्थितीतला संचही निरुपयोगी ठरतो. चकत्या दोन थरांच्या आहेत, त्यामुळे मध्येच चित्र क्षणभर थबकले तर ते थर बदलल्यामुळे. त्याला बिघाड समजू नये. चित्र फुटले किंवा आवाज तुटला तर मात्र तो ओरखडा. तपासायला वेळ थोडा असेल तर सहावी चकती आधी लावून पाहावी, कारण 'बिकमिंग'चा उत्तरार्ध तिच्यावर आहे आणि पूर्वीच्या मालकाने सर्वाधिक वेळा तीच वाजवलेली असण्याचा संभव आहे.